न पाहिलेला तळवा

स्टेशन रोडवरच्या चपलांच्या दुकानातला म्हातारा खाली पाटावर बसून केशरबाईचा उजवा पाय मांडीवर घेऊन होता, आणि पट्टा अडकवता अडकवता त्याचा अंगठा टाचेवर एके ठिकाणी थांबला. झालं एवढंच. वर पंखा फिरत होता, बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई लेकीच्या पायात सँडल कोंबत होती, आणि केशरबाईची लेक धम्मशीला मोबाईलवर कॉलेजच्या चाचणी परीक्षेचा तक्ता बघत उभी होती. "अम्मा, ये दाग कबसे है?" म्हाताऱ्यानं विचारलं. केशरबाई हसली. परक्या पुरुषानं पाय धरला म्हणून ती मघापासूनच संकोचली होती. "बिब्ब्याचा हाय बाबा. तुरीचा खुंट घुसला हुता टाचंत, तवा बिब्बा घातला हुता. दोन-तीन वर्सं झाली." म्हाताऱ्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि टाच उजेडाकडं वळवली. "बिब्बे का दाग इत्ते साल नै रैता अम्मा. मैं दिनभर तलवेच देखता. ये किनारे पे नवा है." मग मान वर करून तो धम्मशीलाला म्हणाला, "मॅडम, डॉक्टर को दिखाओ. आजकल में." त्याच्या आवाजात इतकी अदब होती की धम्मशीलाला आधी नुसता राग आला. माझ्या मायच्या पायाबद्दल हा मला काय सांगणार. मग ती वाकली.

जांभळाएवढा डाग होता. एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला जमिनीवर शाई सांडून पसरावी तसा पसरलेला. काळा, मधेच निळसर, आणि कडेला जिथं म्हाताऱ्यानं बोट ठेवलं होतं तिथं तपकिरी. मधोमध एक बारीक उंचवटा होता, तिथली कातडी पातळ होऊन ओलसर दिसत होती. धम्मशीला परभणीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सोळा वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. त्या डागाचं नाव तिच्या मनात आपोआप आलं, विद्यार्थ्यानं न विचारता उत्तर द्यावं तसं. पुस्तकातला फोटो तिला पाठ होता. पण तो फोटो गोऱ्या पाठीचा होता. पुस्तकातले सगळेच फोटो गोऱ्या पाठींचे, गोऱ्या दंडांचे असत, आणि खाली उन्हाचा इशारा छापलेला असे. मायच्या टाचेला ऊन कुठून लागणार? जन्मभर उन्हात वाळलेल्या त्या बाईच्या अंगावर ऊन न लागलेली एवढीच तर जागा होती. "काय गं, काय झालं?" माय विचारत होती. "काही नाही माय. ऊठ." दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून त्या चपला घ्यायला आल्या होत्या. त्या दिवशी चपला घेतल्या की नाही, हे नंतर धम्मशीलाला कितीही आठवून आठवलं नाही.

त्या दिवशी रिक्षात धम्मशीला मायच्या पायांकडं बघत होती, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघावेत तसे. हे पाय तिला पाठीमागून माहीत होते. पेडगावच्या शिवारात मायच्या मागं मागं चालताना समोर सतत त्या दोन टाचा असायच्या, भेगाळलेल्या, काळ्या मातीनं भरलेल्या, एक उचलायची, एक टेकायची. बाप सिताराम सालगडी होता. ती दहावीत असताना गेला. त्यानंतर माय लोकांच्या रानात कापूस वेचायला, खुरपायला जायची, आणि चप्पल असली तरी बांधावर काढून ठेवायची. रानात चप्पल घालून जाणं तिला कसंतरीच वाटे. "मातीला पाय लागल्याबिगर काम व्हत न्हाई," म्हणायची. त्या टाचांच्या जोरावर धम्मशीला वस्तीतली पहिली एमएस्सी झाली. होस्टेलवर माय भाकरी आणि ठेचा घेऊन यायची, खाटेवर टेकायची आणि उशाजवळचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन पानं उलटायची. वाचता येत नव्हतं. पेशीच्या चित्रावर बोट ठेवून विचारायची, "हे आपल्या आंगात हाय?" हो म्हटलं की बराच वेळ आपल्या मनगटाकडं बघत राहायची. "अन् तुला हे दिसतं?" "मायक्रोस्कोपमधून दिसतं माय." ते मायनं ऐकलं नसावं. गावी जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं की शीलाला माणसाच्या आतलं दिसतं.

संभाजीनगरच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी डॉ. सुमंगला यांनी धम्मशीलाला आत बोलावलं. पन्नाशीची, हळू बोलणारी बाई. कागद तिच्यापुढं सरकवून त्या म्हणाल्या, "तुम्ही बायोलॉजीच्या आहात ना? मग लपवण्यात अर्थ नाही." मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडं तो असाच तळव्यावर, तळहातावर, नखाखाली येतो, उन्हाशी त्याचा संबंध नसतो आणि म्हणूनच लोकांना उशिरा कळतो, असं त्या म्हणाल्या. बिब्ब्यानं होतो का, असं धम्मशीलानं विचारलं. "नाही हो. बिब्ब्यानं फक्त तो झाकला." जांघेत गाठ लागत होती. सुमंगला मॅडमनी विचारलं, "हा डाग किती दिवसांपासून आहे? घरात कुणी पाहिला नव्हता?" धम्मशीला म्हणाली, "ती गावाकडं भावाजवळ असते." हे खरं होतं. ते म्हणताना जीभ किंचित अडखळली. तिला वाटलं, रडू येतंय म्हणून असेल.

दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं. टाचेचा लचका काढून मांडीची कातडी तिथं लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. माय भुलीतून जागी झाली तेव्हा पहिलं वाक्य बोलली ते "दत्ता जेवला का?" दत्ता म्हणजे धम्मशीलाचा धाकटा भाऊ, पेडगावात राहणारा, घरची दोन एकर आणि लोकांची बटाईनं कसणारा. तो वॉर्डच्या दाराशी उभा राहून रुमालात तोंड खुपसून रडत होता आणि धम्मशीला रडत नव्हती. ती रिपोर्टची पानं क्रमानं लावत होती. तिला सगळं समजत होतं. हे समजणं कातडीसारखं तिच्या भोवती होतं आणि आत काही शिरत नव्हतं. सुट्टी संपल्यावर ती कॉलेजात गेली. नेमका 'मानवी आरोग्य आणि रोग' हा पाठ शिकवायचा राहिला होता. तिनं फळ्यावर पेशी काढली, तिच्या भिंतीत एक दार, त्या दाराला कडी. दरवर्षी ती असंच काढायची. बाहेरून वाढीचा निरोप येतो, तो कडी वाजवतो. आत उभं असलेलं प्रथिन तो ऐकतं, पुढच्याला सांगतं, तो त्याच्या पुढच्याला, असं करत निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत जातो: दोन हो. सांगून झालं की प्रत्येकानं आपापल्या जागी गप्प बसायचं. कर्करोगात कुणीतरी एक जण गप्प बसायचं विसरतो. एरवी इथं मुलं हसायची. त्या दिवशीही हसली. मग मागच्या बाकावरची राजेश्री नावाची मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, पण त्या पेशीला कळत न्हाई का, आपण ज्याच्यात वाढायलोत तेच मरायलंय?" धम्मशीलानं खडू खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली, "तिला फक्त निरोप कळतो." आणि तास संपायला वीस मिनिटं असताना ती वर्गाबाहेर पडली, जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. खाली मैदानात लिंबाचा पाला पडला होता. झाडून काढणाऱ्या बाईनं वर पाहून विचारलं, "मॅडम, चक्कर यायली का?" तेव्हा कुठं तिला कळलं की आपण रडतोय.

जानेवारीत मायला खोकला लागला. फोटोत फुफ्फुसावर ठिपके दिसले, रानात चुकून सांडलेल्या बियांसारखे, कुठं दाट, कुठं विरळ. सुमंगला मॅडम म्हणाल्या, काढलेल्या गाठीचा तुकडा जनुकांच्या तपासणीला मुंबईला पाठवू. वाढीच्या निरोपाच्या साखळीत नेमका कुणाचा बिघाड आहे ते कळलं, आणि तो आपल्याकडं ज्याची गोळी आहे त्यातला असला, तर काही करता येईल. तीन आठवडे वाट पाहायची होती. त्या तीन आठवड्यांत धम्मशीलाच्या मनात जे चाललं ते ती कुणाला सांगू शकली नसती, तिच्या नवऱ्याला, सिद्धोधनलाही नाही. ती उठताबसता इच्छा करत होती की मायच्या पेशींत बिघाड असावा. अमुक एकच, तमुक ठिकाणचा असावा. आपल्या आईच्या शरीरात, तिला घडवणाऱ्या अक्षरांत एक अक्षर चुकलेलं असावं म्हणून लेक हात जोडते आहे. आणि तो होता. फोन आला तेव्हा ती स्टाफरूममध्ये होती, सुमंगला मॅडम म्हणाल्या, "सापडला. दारातल्या कडीतच आहे," म्हणजे त्या वेगळ्या शब्दांत म्हणाल्या, पण धम्मशीलाला असंच ऐकू आलं. तिनं शेजारच्या मॅडमना मिठी मारली. त्यांना वाटलं, माय बरी झाली.

मायला सगळं कळायला हवं होतं. "माज्या आंगात कायचं वाढायलंय ते मला सांग. डाक्टरीन तुज्याशी इंग्रजीत बोलायली, तू मान हलवायलीस, मी येड्यावानी बसायली." दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर धम्मशीलानं तिला सांगितलं. दार, कडी, निरोप. मायनं नीट ऐकलं. "अन् कुणी कडी वाजवलीच न्हाई तर?" "तर गप बसायचं माय. पण तुझ्या पेशीची कडी आपोआपच वाजायली. बाहेर कुणी नाही, तरी वाजायली. आतल्याला वाटतं निरोप आलाय, वाढा." मायनं मांडीवरचं गोळ्यांचं पाकीट उचललं. "मग ही गोळी म्हंजी कडी धरून बसलेलं माणूस." "हो, अगदी तसंच." "माणूस थकतंच की गं शिले," माय म्हणाली. धम्मशीलानं तिला सांगितलं की औषध थकत नसतं, आणि माय हसून म्हणाली, "बरं बाई. तू म्हणतीस तर नसंल थकत."

गोळी लागू पडली. दोन महिन्यांत ठिपके निम्मे झाले. मायचे डोळे सुजायचे, पायावर पाणी उतरायचं, तोंडाची चव गेली होती, पण खोकला थांबला आणि ती पेडगावला परत गेली. चौदा एप्रिलला पांढरं लुगडं नेसून, हातात काठी घेऊन मिरवणुकीत विहारापासून वेशीपर्यंत चालली. धम्मशीला तिच्या मागून चालत होती. डाव्या टाचेला भेगा, उजव्या टाचेला मांडीची मऊ, फिकट कातडी, लेकराच्या पायासारखी. त्या उन्हाळ्यात धम्मशीला दर रविवारी गावाला जायची. माय दारातल्या बाजेवर बसून मिरच्यांची देठं खुडायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची, आणि धम्मशीलाला अधूनमधून वाटायचं की आपण जिंकलो. मग या विचाराचीच भीती वाटून ती उठायची, रांजणातलं पाणी बघायची, काहीतरी काम काढायची.

अशाच एका रविवारी, जूनच्या सुरवातीला, माय आत निजली होती आणि दत्ता पेरणीच्या आधी पांभरीचे फण घट्ट करत ओसरीवर बसला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, तू त्या टायमाला तिला जरा दवाखान्यात धाडलं असतं तर बरं झालं असतं बग." "कोणत्या टायमाला?" "मी म्हणायलो हुतो तिला, दोन वर्सं झाली. म्हणलं माय, ह्यो डाग वाढायलाय, परभणीला जाऊन दाखवू. तर ती म्हणली, शीलानं बगितलाय. बिब्ब्याचाच हाय म्हणली." दत्ता आरोप करत नव्हता. तो फणाकडं बघत बोलत होता. "तुज्याकडून येऊन चार दिस झाले हुते तिला. मग मीबी म्हणलं, ताईनं बगितलंय तर आता काय." धम्मशीला म्हणाली, "मी कधी पाहिला? मला तिनं कधी दाखवलाच नाही." तिचा आवाज चढला होता. दत्तानं मान वर केली. "न्हाई दावला?" "नाही. दाखवला असता तर मला कळलं नसतं का दत्ता? मी काय शिकवते रोज?" दत्ताचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हंजी मला उगंच सांगितलं तिनं," तो म्हणाला, "अन् मी इस्वास ठिवला." त्यानं पाना खाली ठेवला आणि हात पुसत गोठ्याकडं गेला.

परतीच्या काळीपिवळी जीपमध्ये खिडकीजवळ बसून धम्मशीला नुकत्याच नांगरलेल्या रानांकडं बघत होती, आणि काहीही आठवायचं नाही असं तिनं ठरवलेलं नसतानाही तिला माहीत होतं की आपण काहीतरी दाबून धरलंय. पाणी बंद केलेल्या नळावर हात ठेवल्यावर आतून थरथर जाणवावी तसं. कृषी विद्यापीठाची कमान आली तेव्हा ते आलं. मार्च महिना. बारावीच्या बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे दिवाणावर, जमिनीवर, टीव्हीवर. ती मांडी घालून बसलेली, हातात लाल पेन. माय स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर. माय म्हणाली, "शिले, हे बग गं जरा." धम्मशीला "हं" म्हणाली. "बिब्ब्याचाच हाय न्हवं गं ह्यो? लय दिस झाले." आणि तिनं मान वर केली होती, एवढं तिला आता लख्ख दिसत होतं, मान वर केली होती, पण पाहिलं ते मायच्या तोंडाकडं. माय गुडघ्यावर पाय घेऊन, दोन्ही हातांनी टाच वर धरून, पाण्याचं भांडं पुढं करावं तशी ती पुढं करून बसली होती. "बिब्ब्याचाच असणार माय. दुसरं काय असणार. चप्पल घालत जा म्हटलं तर ऐकत नाहीस." आणि पुढचा पेपर. त्या पेपरात कोणता प्रश्न होता ते आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. तो पेशीविभाजनाचा असता तर शिक्षा तरी पुरी झाली असती. पण तो वनस्पतींवरचा काहीतरी होता. तळव्याची कातडी महिन्या-दीड महिन्यात झडून नवी येते, बिब्ब्याचा डाग तिच्याबरोबर निघून जातो, दोन वर्षं तो कसा राहील, हे कळायला एमएस्सी लागत नाही. चपलांचा म्हातारा ते पाहून सांगू शकला. दुकानात माय ज्या खात्रीनं "बिब्ब्याचा हाय" म्हणाली होती ती खात्री मायची नव्हती. ती धम्मशीलानं दिलेली होती. काळीपिवळी स्टेशनजवळ थांबली, सगळे उतरले, ड्रायव्हर म्हणाला, "बाई, उतरायचं न्हाई का?"

तिनं दत्ताला फोन केला नाही. उद्या करू असं म्हणाली. मग रविवारी समोरासमोर सांगू. रविवारी दत्ता म्हणाला, "ताई, माजंच चुकलं. मायच्या बोलण्यावर जायाचंच न्हवतं मी. घरात मी हुतो, डाग रोज डोळ्यांफुडं हुता," आणि तिनं म्हटलं, "असं नको म्हणू दत्ता." एवढंच म्हटलं. हे एवढंच म्हणणं किती हलकट आहे ते तिला म्हणतानाच कळलं. पण तोंडातून पुढचं वाक्य बाहेर पडेना. वस्तीत सगळे तिला मॅडम म्हणत. पोरांना तिचं उदाहरण देत. सगळ्यात वाईट म्हणजे माय अजून जिवंत होती, बरी होत होती, आणि ती पुरती बरी झाली तर कदाचित कुणाला काही सांगावंच लागणार नाही, असा हिशेब आत कुठंतरी चालू होता.

ऑक्टोबरात माय पुन्हा खोकू लागली. नव्या फोटोत जुने ठिपके मोठे झाले होते आणि यकृतात नवे आले होते. सुमंगला मॅडमनी समजावलं ते धम्मशीलाला आधीच समजलं होतं: कडीनं आपला आकार बदलला, आता गोळीला ती धरता येत नाही. सलाईनमधून द्यायचं दुसरं एक औषध होतं. दोनदा दिलं, ते मायला झेपलं नाही. "आता घरी न्या," मॅडम म्हणाल्या, "दुखू नये एवढं आपण बघू." मायला धम्मशीलानं खोटं सांगायचा प्रयत्न केला. मायनं तिचा हात थोपटला. "थकलं का ते माणूस?" ती म्हणाली. "थकू दे. लय दिस धरलं बिचाऱ्यानं."

मायला पेडगावलाच राहायचं होतं. धम्मशीलानं रजा टाकली. नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी ती मायला उसाचा रस चमच्यानं पाजत होती, दत्ता पायांशी बसला होता, आणि दत्ता एकाएकी भडभडून बोलायला लागला. "माय, तू मला कामून खोटं सांगितलं? ताईनं बगितलाय म्हणून कामून सांगितलं? तवाच नेलं असतं मी तुला." धम्मशीलाच्या हातातला चमचा अधांतरी राहिला. मायनं डोळे उघडले. आधी दत्ताकडं पाहिलं, मग धम्मशीलाकडं. धम्मशीलाकडं खूप वेळ पाहिलं. तिला बोलायला धाप लागत होती. "म्या दावलाच न्हवता शिलाला," माय म्हणाली. "तू दवाखान्याचं टुमणं लावशील म्हणून... उगं सांगितलं तुला. सुगीचे दिस हुते. तुजी गडबड." "माय," धम्मशीला म्हणाली. "गप तू," माय म्हणाली, "तुला काय ठावं हाय. म्या दावलाच न्हाई." तिनं धम्मशीलाचं मनगट धरलं, आणि त्या हाडकुळ्या बोटांत एवढा जोर होता की धम्मशीलाला दुखलं. जन्मभर खरं बोललेली बाई लेकीसाठी खोटं बोलत होती. तिला ते नीट जमत नव्हतं. त्या खोट्याची किंमत शेजारी बसलेला दुसरा लेक चुकवतोय हे तिला तेवढ्या गुंगीत दिसत नव्हतं. दत्तानं मायच्या पायांवर डोकं ठेवलं. धम्मशीला बोलली नाही. रस भांड्यात काळा पडत गेला.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी माय गेली. मनकर्णा मावशी, शेजारची, मायबरोबर तीस वर्षं रानात गेलेली, तिनं मायला आंघोळ घातली. पांढरं लुगडं नेसवलं. धम्मशीला पाणी ओतत होती आणि मावशी मायच्या उजव्या टाचेवरून हात फिरवत स्वतःशीच म्हणत होती, "किती मऊ झाली गं ही."

पुण्यानुमोदनाला विहारापुढच्या मांडवात सगळी वस्ती होती. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोला हार, खाली मायचा आधारकार्डावरून मोठा केलेला फोटो. त्रिशरण, पंचशील झालं. चार माणसं चांगलं बोलली. लेकीला शिकवलं, लेकीनं नाव काढलं, शेवटपर्यंत लेकीनं केलं. मग दत्ता उठला. तो कधी माईक धरून बोलला नव्हता. "माज्या मायचं ज्ये झालं त्ये माज्यामुळं झालं," तो म्हणाला. "डाग मला दिसत हुता. मी नेलं न्हाई. मला माफ करा." बायकांमधून हुंदका आला. कुणीतरी दत्ताला खाली बसवायला उठलं.

आपण उभं राहिलोय हे धम्मशीलाला नंतर कळलं. तिनं माईक घेतला नाही. "दत्ताचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. आवाज वर्गात लागतो तसा लागला, म्हणून तिला स्वतःची किळस आली, आणि मग तो फुटला. "मायनं मला दाखवला होता. माझ्या घरी, उंबऱ्यावर बसून. बघ म्हणाली. मी पेपर तपासत होते. मी बघितलाच नाही. न बघता सांगितलं, काही नाही म्हणून. तिनं विश्वास ठेवला. मग दत्तानं ठेवला. माय शेवटी खोटं बोलली ते माझ्यासाठी बोलली, आणि मी बोलू दिलं." सिद्धोधन तिच्याकडं बघत होता, जणू ही कोण असं. दत्ता तिच्याकडं बघत नव्हता. तो उठला, मांडवाच्या कनातीखालून वाकून बाहेर गेला आणि रस्त्याच्या कडेला पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत नव्हते. ते हलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ती बायकांच्या बाजूला सतरंजीवर मटकन बसली. जागा आपोआप झाली. जरा जास्तच झाली. तिच्या शेजारच्या दोघी सरकल्या होत्या, आणि त्या मोकळ्या जागेकडं बघत ती मान खाली घालून बसली. मांडवात भिक्खूंनी पुढची गाथा सुरू केली. तेव्हा मागून कुणीतरी गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, सरकत सरकत पुढं आलं आणि त्या मोकळ्या जागेत बसलं. मनकर्णा मावशी होती. तिनं धम्मशीलाच्या पाठीवर हात ठेवला नाही, डोळे पुसले नाहीत. तिनं लुगड्याचा काठ वर ओढला, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि धम्मशीलाच्या मांडीवर आणून ठेवला. जड, उबदार पाय. भेगांत माती होती.

"बग," मावशी म्हणाली.

धम्मशीलानं पर्समधून चष्मा काढला. तो डोळ्यांवर चढवून ती वाकली. मावशी पलीकडं, रस्त्यावर उभ्या दत्ताच्या पाठीकडं बघत होती.

"नीट बग," ती म्हणाली. "मला काय घाई न्हाई."